भूजलशुद्धीकरण, रासायनिक

विहिरी, कूपनलिका व झरे यांच्याद्वारे मिळणाऱ्या पाण्यात विरघळलेली अपायकारक रासायनिक द्रव्ये काढून टाकणे किंवा त्यांचे प्रमाण सुरक्षित मर्यादेच्या आत आणणे, यास रासायनिक भूजलशुद्धीकरण म्हणतात. गढूळपणा आणि रोगजंतू यांचे निवारण हा शुद्धीकरणाचा निराळा भाग असून त्याच्या पद्धती सर्वपरिचित आहेत [⟶ पाणीपुरवठा]. विरघळलेल्या द्रव्यांच्या बाबतीत मात्र या परिचित पद्धतींचा उपयोग होत नाही. पाणी गाळल्याने, त्यात तुरटी फिरविल्याने अथवा विरंजक चूर्ण टाकल्याने त्यातील नायट्रेट तसूभरही कमी होत नाही आणि उकळल्याने तर पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. हा गैरसमज सुशिक्षित घरांतही आढळतो. तान्ह्या मुलासाठी पाणी उकळून घेणारी माता जंतूंच्या दृष्टीने योग्य तेच करीत असते; तथापि विहीर नायट्रेटयुक्त असल्यास तिच्या या काळजीने दुसरा धोका थोडा वाढतो.

प्रस्तुत नोंदीत पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड हे तालुके उदाहरणादाखल घेऊन कमी खर्चाच्या शुद्धीकरण पद्धतींचा विचार केला आहे. कालव्याखालील ऊसशेती, कोरडवाहू दुष्काळी गावे आणि रासायनिक कारखाने ही तिन्ही येथे शेजारी शेजारी असल्याने भूजलाचे बहुतेक सर्व प्रश्न या प्रदेशात एकत्र पाहावयास मिळतात.

प्रदेश व खडक : हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. येथील वार्षिक पर्जन्यमान सरासरीने सु. ५०० मिमी.च्या आसपास असून ते अत्यंत अनिश्चित आहे. शिरूरच्या उत्तर व पूर्व अंगाने घोड नदी वाहते, तर भीमा ही काही अंतर दोन्ही तालुक्यांमधील सीमा बनते. पुणे शहराचे सांडपाणी घेऊन येणारी मुळा-मुठा याच सीमेजवळ भीमेस मिळते. घोड नदीकाठच्या इनामगाव (ता. शिरूर) येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून केलेल्या उत्खननांत ताम्रपाषाणयुगीन वसाहतीबरोबर पाण्याचा पाट व बांध यांचे अवशेष मिळाले. पाणी अडवून वळविण्याची गरज या भागात किमान तीन हजार वर्षांची जुनी आहे.

खडक सर्वत्र दख्खनच्या पठारावरील बेसाल्ट हा आहे. अखंड बेसाल्टात पाणी शिरत नाही. ते वरच्या मुरमाड थरात, खडकातील भेगांत व सांध्यांत आणि कुहरी थरांत साठते. नद्यांच्या काठी गाळाचे थर आहेत, त्यांत पाणी अधिक असते. बेसाल्टाच्या उथळ थरांतून काढता येण्याजोगे पाणी खडकाच्या घनफळाच्या साधारणतः १ ते ३ टक्केच असते. साठा असा तुटपुंजा असल्याने थोडे दूषितही तो लवकर बिघडविते आणि एकदा भेगांत व कुहरांत शिरलेले द्रव्य सहजासहजी बाहेर येत नाही. बेसाल्टाच्या झिजेतून कॅल्शियम व मॅग्नेशियम पाण्यात उतरतात. त्यामुळे येथील विहिरींचे पाणी मुळातच कठीण (जड) असते. त्यात डाळ शिजत नाही आणि साबणाचा फेस होत नाही.

दूषितांचे उगम : मुठा उजवा कालवा हवेलीतून दौंड तालुक्यात येऊन पुढे इंदापूरकडे जातो. त्याच्या जोरावर यवत, केडगाव, वरवंड, पाटस या पट्ट्यात ऊस फोफावला, गुऱ्हाळे व साखर कारखाने उभे राहिले. शिरूरमध्येही घोड व चासकमान प्रकल्पांच्या कालव्यांमुळे आणि नदीवरील उपसा योजनांमुळे असेच घडले. भारी जमिनीस वर्षानुवर्षे पाटपाणी दिल्याने भूजलपातळी वर येते, पाण्याची वाफ होते व क्षार मागे राहतात. शेजारच्या नीरा खोऱ्यातील अशा खारवट जमिनींचा अभ्यास पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मान यांनी १९१० च्या सुमारासच केला होता. त्या वेळी प्रश्न जमिनीचा मानला गेला. पिण्याच्या पाण्याचाही तोच प्रश्न आहे, हे ध्यानात येण्यास बराच काळ जावा लागला.

क्षारांच्या जोडीला नायट्रेट येते. सुरू उसास हेक्टरी २५० किग्रॅ. व आडसाली उसास ४०० किग्रॅ. नायट्रोजन देण्याची शिफारस महाराष्ट्रात प्रचलित आहे. पिकाने न घेतलेल्या नायट्रोजनाचा मोठा भाग नायट्रेट रूपात पाण्याबरोबर खाली झिरपतो. समजा, हेक्टरी केवळ ४० किग्रॅ. नायट्रोजन असा निसटला, तर त्यापासून सु. १७७ किग्रॅ. नायट्रेट बनते. त्या हेक्टरातून वर्षात ३०० मिमी. पाणी (३,००० घ. मी.) खाली उतरले, तर त्यातील नायट्रेटाचे प्रमाण दर लिटरला ५९ मिग्रॅ. होते. भारतीय मानकाप्रमाणे ४५ मिग्रॅ. ही कमाल मर्यादा आहे. म्हणजे शेतकऱ्याने शिफारशीबाहेर एक गोणीही अधिक न टाकता विहीर पिण्यास अयोग्य ठरू शकते. गोठे, उकिरडे, शोषखड्डे आणि मुळा-मुठेचे सांडपाणी यांचीही भर त्यात पडतेच.

तिसरा उगम औद्योगिक. दौंड तालुक्यातील कुरकुंभ येथे रसायने व औषधे बनविणाऱ्या कारखान्यांची वसाहत आहे. शिरूर तालुक्यात रांजणगाव येथे मोठी औद्योगिक वसाहत असून सणसवाडी-शिकरापूर पट्ट्यातही पुष्कळ कारखाने आहेत. कुरकुंभ परिसरातील विहिरींचे पाणी रंगीत झाल्याच्या व त्यास वास येत असल्याच्या तक्रारी गावकऱ्यांनी वारंवार केल्या आहेत. राज्याने १९६९ मध्ये जलप्रदूषण प्रतिबंधाचा कायदा केला व १९७० मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन केले. केंद्राचा कायदा १९७४ चा आहे. तथापि कायदा सांडपाणी सोडणाऱ्यास रोखू शकतो. खडकात शिरलेले पाणी त्याने शुद्ध होत नाही.

मानके व परीक्षण : पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००, प्रथम १९८३, सुधारित १९९१ व २०१२) पुढील मर्यादा दिल्या आहेत. विरघळलेले एकूण घन पदार्थ दर लिटरला ५०० मिग्रॅ., दुसरा स्रोत नसल्यास २,००० पर्यंत. एकूण कठिनता २००, अन्यथा ६०० पर्यंत. क्लोराइड २५०, अन्यथा १,००० पर्यंत. फ्ल्युओराइड १, अन्यथा १·५ पर्यंत. एकूण क्रोमियम ०·०५. नायट्रेटाची ४५ मिग्रॅ. ही मर्यादा शिथिल होत नाही. याचे कारण असे की, तान्ह्या मुलांच्या पोटात नायट्रेटाचे नायट्राइट होऊन ते रक्तातील हीमोग्लोबिनाची ऑक्सिजन वाहण्याची शक्ती नष्ट करते व मूल निळे पडते. विहिरीच्या पाण्याशी या विकाराचा असलेला संबंध कॉमली या अमेरिकन वैद्यांनी १९४५ मध्ये दाखवून दिला.

पुणे येथे मुख्यालय असलेली भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा (स्थापना १९७२) राज्यभरच्या निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे व ऑक्टोबर या महिन्यांत मोजते. पाण्याच्या गुणवत्तेच्या दृष्टीने पावसाळ्यापूर्वीचा आणि नंतरचा असे दोन नमुने तरी आवश्यक होत. विद्युत् संवाहकता मोजण्याचे छोटे उपकरण क्षारांचा अंदाज क्षणात देते. नायट्रेटासाठी रंगबदलावर आधारित साधी चाचणी-पेटी पुरते. विद्रावके, कीटकनाशके व जड धातू यांच्यासाठी मात्र प्रयोगशाळेवाचून गत्यंतर नाही. शुद्धीकरणाचे यंत्र आधी आणि पाण्याची तपासणी मागाहून, असा उलटा क्रम ग्रामीण भागात पुष्कळदा दिसतो. स्वस्त पद्धत कोणती हे दूषित कोणते यावर ठरत असल्याने यात पैसा वाया जातो.

किती पाणी शुद्ध करावयाचे? खर्चाच्या दृष्टीने हा पहिला प्रश्न होय. जलजीवन मिशनमध्ये (२०१९) ग्रामीण भागात दरमाणशी दररोज ५५ लि. पाण्याचे प्रमाण धरले आहे. त्यांपैकी पिण्यास व स्वयंपाकास लागणारे पाणी ४ ते ५ लि.च असते. कठीण वा नायट्रेटयुक्त पाण्याने स्नान करण्यात, भांडी घासण्यात अथवा जनावरे धुण्यात अपाय नसतो. म्हणून सर्व पाणी शुद्ध करण्याऐवजी त्याचा दहावा हिस्सा वेगळा काढून तेवढाच शुद्ध करणे हेच बहुतेक गावांना परवडते. विषारी औद्योगिक द्रव्ये असलेल्या विहिरीस हा नियम लागू नाही. तिचे पाणी कोणत्याही घरगुती कामास वापरू नये.

मिश्रण : सर्वांत स्वस्त पद्धतीत शुद्धीकरण असे काही नसतेच. दूषित विहिरीचे पाणी चांगल्या पाण्यात मिसळून प्रमाण खाली आणले जाते. उदा., एका विहिरीत नायट्रेट दर लिटरला ९० मिग्रॅ. व कालव्यावरून भरलेल्या तलावात ५ मिग्रॅ. असल्यास चार भाग विहिरीचे व सहा भाग तलावाचे पाणी मिसळले असता मिश्रणात ३९ मिग्रॅ. नायट्रेट राहते. दोन नळ, एक टाकी व महिन्याकाठी एक चाचणी एवढेच यास लागते. तलावाचे पाणी गाळून त्याचे क्लोरिनीकरण करावे लागते. कालव्याचे आवर्तन लांबले की योजना कोलमडते, ही यातील उणीव होय.

पावसाचे पाणी : पर्जन्यछायेतील लोकांस छपरावरील पाण्याची सूचना केल्यास ते हसतात, परंतु हिशेब तसा नाही. छपराच्या एक चौ. मी. क्षेत्रावर ५०० मिमी. पावसाचे ५०० लि. पाणी पडते व त्यातील ४०० लि. हाती लागते असे धरल्यास २५ चौ. मी.च्या छपरापासून वर्षात १०,००० लि. मिळतात. पाच माणसांच्या घरास पिण्याला व स्वयंपाकाला रोज २० लि. पाणी लागते असे मानल्यास वर्षाची गरज ७,३०० लि. होते. कोरड्या आठ महिन्यांसाठी ५,००० लि.ची झाकलेली टाकी पुरते. पाऊस निम्म्यावर आला तरी निदान आठ महिन्यांची सोय होते. हे पाणी क्षार, नायट्रेट व फ्ल्युओराइड यांपासून जवळजवळ मुक्त असते. पहिल्या सरीचे पाणी सोडून देणे, वाळू-कोळशाच्या गाळणीतून गाळणे व क्लोरीन टाकणे एवढी दक्षता घ्यावी. टाकीचा सुरुवातीचा खर्च हाच खरा अडसर आहे. कारखान्यांच्या धुरळ्याखालील छपरे मात्र या कामास वर्ज्य समजावीत.

विनायट्रीकरण : ऑक्सिजन नसलेल्या ठिकाणी काही सूक्ष्मजंतू नायट्रेटातील ऑक्सिजन वापरून कार्बनी पदार्थांचे ऑक्सिडीकरण करतात व निरुपद्रवी नायट्रोजन वायू मोकळा होतो. या नैसर्गिक क्रियेचा उपयोग यूरोपातील काही जलशुद्धीकरण केंद्रांत करतात. तेथे जंतूंचे अन्न म्हणून अल्कोहॉल वा ॲसिटिक अम्ल देतात. ऊस पिकविणाऱ्या प्रदेशात हे अन्न गुळाच्या अथवा मळीच्या रूपाने दाराशीच असते. रासायनिक समीकरणानुसार १ ग्रॅ. नायट्रेटासाठी सु. ०·६ ग्रॅ. शर्करा लागते. एक घ. मी. पाण्यातून ६० ग्रॅ. नायट्रेट काढण्यास त्यानुसार ३६ ग्रॅ. आणि जंतूंची वाढ व विरघळलेला ऑक्सिजन यांचा विचार करता सु. दुप्पट शर्करा पुरेल. जिच्या गोडव्यासाठी विहीर नासली, तीच शर्करा मूठभर परत दिल्याने पाणी सुधारते, हा योगायोग मौजेचा आहे. तथापि ही पद्धत घराघरांत वापरण्यासारखी नाही. अन्न कमी पडले तर क्रिया नायट्राइटापाशी थांबते व ते नायट्रेटाहून घातक असते. अन्न जास्त झाले तर पाण्यास दुर्गंधी येते. क्रियेनंतर वायुमिश्रण, वाळूतून गाळणे व क्लोरिनीकरण ही अनिवार्य असल्याने प्रशिक्षित चालक आणि नियमित परीक्षण असलेल्या मोठ्या योजनेसच ती योग्य होय. शेतातून निघणाऱ्या चरांत लाकडाचा भुसा वा तुकडे भरून हीच क्रिया पाणी विहिरीत पोहोचण्यापूर्वी घडविता येते; ही तिची सर्वांत स्वस्त रीत आहे.

आयन-विनिमय : रेझिनाच्या मण्यांवरून पाणी नेल्यास नायट्रेट मण्यांवर धरले जाते व तितके क्लोराइड पाण्यात येते. मणी भरले की साध्या मिठाच्या द्रावणाने ते पूर्ववत् करतात. कठिनता काढण्याची घरगुती यंत्रेही याच तत्त्वावर, पण निराळ्या रेझिनाने चालतात [⟶ आयन-विनिमय]. पाण्यात सल्फेट पुष्कळ असल्यास सामान्य रेझीन आधी तेच पकडते व नायट्रेट तसेच जाते. म्हणून नायट्रेटासाठी खास रेझीन घ्यावे लागते. उरलेल्या मिठवणीची विल्हेवाट ही येथील मुख्य अडचण होय. केवळ कठिनता घालवावयाची असल्यास चुना व धुण्याचा सोडा यांनी अवक्षेपण करणे स्वस्त पडते, परंतु साका भरपूर निघतो.

व्यस्त तर्षण : अर्धपार्य पटलावर दाब देऊन पाणी पलीकडे ढकलले असता क्षार अलीकडे राहतात. यास उपयोगी पडणारे पटल लोब व भारतीय वंशाचे सौरिराजन यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठात १९५९-६० च्या सुमारास तयार केले. भारतात भावनगर येथील केंद्रीय मीठ व सागरी रसायने संशोधन संस्थेने या क्षेत्रात विशेष कार्य केले आहे. मचूळ पाण्यासाठी दर घ. मी.ला १ ते २·५ किलोवॉट-तास वीज लागते. सौर ऊर्ध्वपातनाशी तुलना केल्यास हा खर्च किती अल्प आहे ते कळते. तेवढ्याच पाण्याची वाफ करण्यास सु. ६५० किलोवॉट-तास उष्णता लागते आणि एक चौ. मी.चे सौर ऊर्ध्वपातन पात्र दिवसाला जेमतेम ३ ते ४ लि. पाणी देते.

गावोगावी आता नाणे वा पत्र टाकून २० लि. शुद्ध पाणी देणारी केंद्रे याच पद्धतीची असतात. क्षार, नायट्रेट, फ्ल्युओराइड व कठिनता ही सर्व एकदम कमी होत असल्याने त्यांची लोकप्रियता समजण्यासारखी आहे. परंतु त्यांच्या मागील दाराशी काय होते, तेही पाहिले पाहिजे. दर लिटरला २,००० मिग्रॅ. क्षार असलेले १०,००० लि. पाणी रोज यंत्रात घातले व निम्मे शुद्ध होऊन बाहेर पडले, तर उरलेल्या ५,००० लि. पाण्यात १९·५ किग्रॅ. क्षार असतात. वर्षाकाठी हे क्षार ७ टनांवर जातात. हे पाणी बहुधा शेजारच्या ओढ्यात सोडले जाते व त्याच विहिरीकडे परत झिरपते. क्षार नवे आलेले नसतात हे खरे. परंतु त्यांना विरघळविणारे निम्मे पाणी गावाने पिऊन टाकलेले असते, त्यामुळे विहीर दर वर्षी थोडी अधिक मचूळ होते. हे पाणी भांडी, शौचालये व बांधकाम यांसाठी वेगळ्या टाकीत घेणे अथवा अस्तर केलेल्या उथळ हौदात आटविणे अत्यावश्यक आहे. केंद्राचा ठेका देताना ही अट घातली न गेल्यास स्वस्त वाटणारे पाणी पुढील पिढीस महाग पडते.

फ्ल्युओराइड व धातू : फ्ल्युओराइडाचा प्रश्न शिरूर-दौंडपेक्षा चंद्रपूर, यवतमाळ व नांदेड जिल्ह्यांत तीव्र आहे. त्यासाठी नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने १९७० नंतरच्या दशकात नालगोंडा पद्धत विकसित केली. तीत चुना, तुरटी व विरंजक चूर्ण पाण्यात घालून ढवळतात, तासभर निवू देतात व वरचे पाणी काढून घेतात. एक बादली व तिला तळाच्या थोडे वर बसविलेली तोटी एवढ्या साहित्यावर ती चालते. तुरटीची मात्रा पाण्याच्या क्षारतेनुसार (अल्कतेनुसार) ठरवावी लागते. अंदाजाने टाकल्यास पाण्यात ॲल्युमिनियम उरते.

विद्युत् विलेपनाच्या सांडपाण्यातून येणारे षट्‌संयुजी क्रोमियम हिराकसाने काढता येते. हिराकसातील लोहामुळे क्रोमियमाचे क्षपण होते व नंतर चुन्याने त्याचा अवक्षेप मिळतो. एक ग्रॅ. क्रोमियमास समीकरणानुसार सु. १६ ग्रॅ. हिराकस पुरतो. खर्च नगण्य असला, तरी साक्यात क्रोमियम असल्याने तो उकिरड्यावर टाकता येत नाही. लोह व मँगॅनीज यांसाठी पाणी पायऱ्यांवरून पाडून हवेशी मिसळू देणे व वाळूतून गाळणे पुरेसे होते.

कार्बनी द्रव्ये : नारळाच्या करवंटीपासून बनविलेला क्रियाशील कोळसा रंग, वास, फिनॉले व अनेक कीटकनाशके अधिशोषणाने धरून ठेवतो. तो केव्हा भरला हे डोळ्यांस दिसत नाही व भरल्यावर पाणी जसेच्या तसे पुढे जाते. म्हणून अशा पाण्यासाठी घरगुती गाळणीवर विसंबणे धोक्याचे आहे. बाष्पनशील विद्रावके वायुमिश्रणाने उडवून लावता येतात.

दूषित झालेला खडकच शुद्ध करावयाचा झाल्यास पाणी उपसून शुद्ध करीत राहणे ही रूढ पद्धत आहे. दहा हेक्टर क्षेत्रात १० मी. जाडीचा पाणीदार थर व त्यात २ टक्के पाणी धरल्यास साठा २०,००० घ. मी. होतो. रोज ५० घ. मी. उपशाने तो एकदा रिकामा होण्यास ४०० दिवस लागतात आणि भेगांच्या भिंतींत मुरलेले द्रव्य पुन्हापुन्हा पाण्यात येत असल्याने असे अनेक उपसे करावे लागतात. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाने १९९१ मध्ये ओंटॅरिओतील बोर्डन येथे लोखंडाच्या किसाची पार्य भिंत वाळूत पुरून क्लोरीनयुक्त विद्रावके वाहत्या भूजलातच नष्ट करून दाखविली. ही पद्धत विजेवाचून चालते. मात्र बेसाल्टात असा चर खणणे अतिशय खर्चाचे असून पाणी भिंत चुकवून कोणत्या भेगेने जाईल ते सांगता येत नाही. त्यामुळे अशा गावांस दुरून नळाने पाणी आणणे हाच सध्या व्यवहार्य मार्ग आहे व त्याचा भार दूषित करणाऱ्यावर टाकणे न्याय्य ठरते.

उगमाशी उपाय : ठिबक सिंचनातून खत थोडे थोडे दिल्यास नायट्रेटाचा निचरा घटतो. विहिरीभोवती कठडा व ओटा बांधणे, उकिरडा व शोषखड्डा उताराच्या खालच्या बाजूस नेणे यांस जवळजवळ खर्च नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर राज्यात पाझर तलावांची कामे मोठ्या प्रमाणावर झाली. त्यांतून झिरपणारे पाणी खालच्या विहिरी काही प्रमाणात गोड करते. शेतातील पाणी सरळ विहिरीत वा कूपनलिकेत सोडून केलेले पुनर्भरण मात्र खत व कीटकनाशके थेट खोल थरांत पोहोचविते. ते गाळणखड्ड्याशिवाय करू नये आणि उसाच्या शेतात तर टाळावेच. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पाबळ (ता. शिरूर) येथे स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमात ग्रामीण युवकांना भूविद्युत् रोध मोजून पाण्याची जागा शोधण्याचे शिक्षण देण्यात आले. विहीर कोठे खणावी हे सांगणारा असा युवक तिच्या पाण्यातील क्षार व नायट्रेट मोजण्यासही थोड्या अवधीत शिकू शकतो.